दोन तेवीस नंबर आणि रविवारची मिसळ

या आठवड्याचं पत्र:

"बाई, नमस्कार. मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. दर रविवारी सकाळी हे आणि आमचा मुलगा (दहावीला आहे) मैदानावर जायचे आणि येताना मिसळ बांधून आणायचे. दोन वर्षांपासून मिसळीसोबत एकच विषय चालू होता, जगातला सगळ्यात मोठा बास्केटबॉल खेळाडू कोण? हे म्हणतात मायकल जॉर्डन, मुलगा म्हणतो लेब्रॉन जेम्स. दोघांच्या जर्सी मीच धुते आणि दोन्हींवर नंबर २३. एकदा मी म्हटलं, अहो नंबर एकच आहे, मग भांडता कशाला? तेव्हा दोघंही हसले होते.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याची शालेय निवड झाली, मुलाचं नाव आलं नाही. तेव्हापासून हे त्याला ऐकवतात, 'जॉर्डनलाही शाळेच्या टीममधून काढलं होतं, तो रडत बसला नाही.' मागच्या महिन्यात मुलगा उसळला, 'तुमचा जॉर्डन घाला चुलीत!' हेही म्हणाले, 'तू लेब्रॉनसारखाच, अवघड आलं की दुसऱ्याच्या टीममध्ये पळणार.' झालं, मिसळ बंद. हे एकटे मैदानावर जातात, मुलगा खोलीत मोबाइल घेऊन बसतो. तुम्ही इतकी वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवलंत. एकदाच सांगा, मोठा कोण? छापून आलं की दोघांसमोर ठेवते.
– दोन तेवीस नंबर धुणारी, इंदिरानगर, नाशिक"

ताई, नमस्कार.

दोघांसमोर ठेवणार म्हणता, म्हणजे मला न्यायाधीश करून टाकलंत. हरलेला पक्ष न्यायाधीशालाच नावं ठेवतो, हे शाळेत तीस वर्षं शिट्टी वाजवून मला पक्कं माहीत आहे. तरी उत्तर देते. मोठा कोण तेही सांगेन, पण अगदी शेवटी. तेवढा भाग कात्रीने कापून मसाल्याच्या डब्याखाली ठेवा. बाकीचं खुशाल दोघांना वाचू द्या.

आधी तुमच्यासाठी थोडं, कारण तुम्ही म्हणता काही कळत नाही. हे भांडण बास्केटबॉलमध्येच एवढं का पेटतं? क्रिकेटमध्ये अकरा जण असतात. सचिन बाद झाला की पॅव्हेलियनमध्ये जाऊन बसायचा आणि आपण टीव्ही बंद करायचो. बास्केटबॉलमध्ये एका टीमचे एका वेळी पाचच जण कोर्टवर असतात. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये सामना ४८ मिनिटांचा, त्यातली चाळीसेक मिनिटं मोठा खेळाडू आतच. तोच बास्केट करतो, तोच उलटा धावून समोरच्याला अडवतो. पाचांत एक जण असा निघाला की टीमचं नशीब फिरतं. म्हणून लोक टीम सोडून माणूस मोजायला लागतात.

आता तुमच्या घरातल्या दोन्ही बाजू. दोन्ही भक्कम आहेत, म्हणून तर दोन वर्षं पुरल्या.

तुमच्या यजमानांचा जॉर्डन शिकागो बुल्सकडून सहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि सहाही वेळा जिंकला. १९९१ ते १९९३ सलग तीन, मग १९९६ ते १९९८ पुन्हा सलग तीन. सहाही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. सामन्यामागे गुणांच्या सरासरीत दहा मोसम तो लीगमध्ये पहिला होता, आणि १९८८ साली सर्वोत्तम बचावपटूचा किताबही त्यालाच मिळाला. हे शेवटचं लोक विसरतात.

मुलाचा लेब्रॉन २००३ साली शाळा संपवून थेट लीगमध्ये आला. २०११ ते २०१८ अशी सलग आठ वर्षं तो अंतिम फेरी खेळला. एकूण दहा अंतिम फेऱ्या, चार विजेतेपदं, तीही तीन वेगवेगळ्या टीमकडून. करीम अब्दुल-जब्बार या जुन्या खेळाडूचा कारकिर्दीतल्या ३८,३८७ गुणांचा विक्रम ७ फेब्रुवारी २०२३ ला त्याने मोडला, पुढे चाळीस हजारही पार केले. गुडघ्याला तेल लावायच्या वयात तो अजून डंक करत होता, म्हणजे उंच उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबत होता.

यजमानांचा हुकमी पत्ता मला न सांगताही माहीत आहे: 'सहापैकी सहा! तुझा लेब्रॉन दहापैकी सहा हरला.' ऐकायला भारी वाटतं. पण जॉर्डन पहिली तीन वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर पडला, १९८८ पासून सलग तीन वर्षं डेट्रॉइटकडून हरला. ती वर्षं हिशोबात का येत नाहीत? तर तो अंतिम फेरीपर्यंत पोचलाच नव्हता म्हणून. असं बघा, आंतरशालेय स्पर्धेत एक शाळा पहिल्या दिवशी हरून घरी गेली आणि दुसरी शेवटच्या दिवशी हरली. मी पहिलीला जास्त मार्क द्यायचे का? मुलाकडेही असाच एक पत्ता असणार, 'जॉर्डन पास देत नव्हता.' १९९७ च्या अंतिम फेरीतला शेवटचा सामना त्याने बघावा. बरोबरीत असताना शेवटच्या काही सेकंदांत जॉर्डनने चेंडू स्टीव्ह कर या सहकाऱ्याला दिला आणि विजयी बास्केट त्या करने केली.

आकड्यांनी हे मिटत नाही, याचं एक कारण म्हणजे मधल्या काळात खेळच बदलला. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण ही रेघ एनबीएत १९७९-८० पासून आली. करीमने वीस मोसमांत एवढा डोंगर उभा केला आणि त्यात तीन गुणांची बास्केट किती? एक. लेब्रॉनच्या दोन हजारांवर. जुने आणे आणि नवे पैसे एकाच गल्ल्यात टाकून मोजायचे, तसं होतं ते. आपल्या नाशिकमध्ये जन्मलेल्या बापू नाडकर्णींचंच घ्या. १९६४ साली मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. यजमानांना विचारा, ही गोलंदाजी थोर की निरुपयोगी? मिसळ गार होईपर्यंत उत्तर मिळणार नाही. (आणि जाता जाता, या वादात दोघांपैकी कोणी कधी बाईचं नाव घेतलंय का? अमेरिकेच्या डायना टौरासीकडे बास्केटबॉलची २००४ ते २०२४ अशी सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत. आपल्या पुण्याची शिरीन लिमये देशाची कर्णधार झाली. राहू दे. माझं जुनं दुखणं आहे ते.)

तुम्ही नाशिककर. मोठा कोण हा तंटा कसा मिटवायचा, याचा आपल्या गावाकडे जुना तोडगा आहे. कुंभमेळ्यात आधी स्नान कोणी करायचं यावरून पेशवाईत साधूंच्या मारामाऱ्या झाल्या आणि शेवटी जागाच वेगळ्या झाल्या. वैष्णव रामकुंडावर, शैव त्र्यंबकला कुशावर्तावर. आजही तसंच चालतं. एखाद्या समंजस माणसाने तुम्हाला हेच सुचवलं असतं, बाबांचा जॉर्डन बाबांपाशी, पोराचा लेब्रॉन पोरापाशी. पण ताई, तुमच्या घरी घाट वेगळे झालेलेच आहेत. एक मैदानावर, एक खोलीत. भांडण थांबलंय, आणि तुम्ही पत्र भांडणामुळे लिहिलेलं नाही, ते थांबलं म्हणून लिहिलंय.

मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बास्केटबॉलसाठी. दुसऱ्यांदा त्यातल्या ऑगस्टसाठी. दोन वर्षं हसत चाललेला वाद ऑगस्टमध्ये बिघडला. लेब्रॉनने ऑगस्टमध्ये काही केलं नव्हतं. निवड झाली, नाव नाही आलं, आणि त्या दिवसापासून जॉर्डन हा खेळाडू राहिला नाही, पोराला हाणायची छडी झाला. 'बघ, तो रडत बसला नाही' याचा पंधरा-सोळा वर्षांच्या कानाला एकच अर्थ ऐकू येतो, तू रडतोयस. मग त्याने छडीच चुलीत घाला म्हटलं, तर मला तरी त्यात उद्धटपणा दिसत नाही.

आता यजमानांशी थेट बोलते, कारण तुम्ही हे वाचताय मला माहीत आहे. साहेब, ती गोष्ट तुम्ही सांगता तशी घडलेली नाही. जॉर्डन तेव्हा विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीच्या वयाचा, उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास. मोठ्या मुलांच्या टीममध्ये त्याच्या वयाच्या एकालाच जागा मिळाली, आणि ती गेली त्याच्याहून बऱ्याच उंच असलेल्या एका मित्राला, कारण टीमला उंची हवी होती. जॉर्डनला हाकललं नाही. त्याला ज्युनियर टीममध्ये घातलं, जिथे तो पूर्ण वेळ खेळला. घरी जाऊन तो रडला, हे त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे 'रडत बसला नाही' हेही पुरतं खरं नाही. कुठल्याही शिक्षकाने तेच केलं असतं. मीही असंख्य पोरांना मोठ्या टीमच्या बाकावर बसवण्यापेक्षा खालच्या टीममध्ये खेळायला पाठवलंय, आणि त्यांच्या वडिलांचे फोन घेतलेत. निवडीच्या दिवशी उंची, त्या दिवसाचा खेळ, निवडणाऱ्याला हवी असलेली जागा, सगळं एकत्र येतं. पोराचं नाव का आलं नाही, हे तुम्ही त्याला विचारलंत का? की जॉर्डनचंच सांगितलंत?

आणि 'दुसऱ्याच्या टीममध्ये पळणार' हे वाक्य. २०१० साली लेब्रॉन क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला, तेही टीव्हीवर जाहीर करून. लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या, ते ठीकच. पण २०१४ साली तो परत आला आणि २०१६ साली त्याच गावाला विजेतेपद मिळवून दिलं. परत येण्याचा भाग तुम्ही गाळलात. पोराने तो नक्की ऐकला असणार. मनातल्या मनात.

ताई, आता तुमचं काम.

दोन सामने शोधा, इंटरनेटवर सापडतात. तुकडे, रील, 'टॉप टेन' काहीही नको, पूर्ण सामना. पहिला १६ जून १९९६, शिकागो विरुद्ध सिअ‍ॅटल, अंतिम फेरीचा सहावा सामना (ही फेरी सात सामन्यांची, चार आधी जिंकेल तो विजेता). दुसरा १९ जून २०१६, क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट, अंतिम फेरीचाच सातवा सामना. दोन्हींत वीस वर्षांचं अंतर, आणि योगायोग असा की दोन्ही अमेरिकेतल्या फादर्स डेच्या दिवशी झाले. १९९६ चा सामना मुलाने मागायचा, २०१६ चा यजमानांनी. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याचा माणूस बघायचा. पहिल्या क्वार्टरमध्ये कोणी तोंड उघडायचं नाही, ही माझी जुनी अट.

तुम्ही मध्ये बसा, हातात पेन्सिल आणि वहीचं मागचं पान. तुम्हाला नियम कळायची गरज नाही. चेंडू रिंगमध्ये गेला नाही की एक काडी. फक्त त्या २३ नंबरवाल्याच्या काड्या, फ्री थ्रो (फाउलनंतर कोणी न अडवता मिळणारे शॉट) सोडून.

१९९६ मध्ये तुमच्या काड्या चौदा होतील. जॉर्डनचे त्या दिवशी १९ पैकी ५ शॉट रिंगमध्ये गेले. २०१६ मध्ये पंधरा होतील, कारण लेब्रॉनचे २४ पैकी ९ गेले. दोघांच्याही आयुष्यातले सगळ्यात मोठे दिवस, आणि दोघांचेही चुकलेले शॉट गेलेल्यांपेक्षा जास्त. तुम्ही वही पुढे सरकवा आणि आत जाऊन चहा टाका. स्वयंपाकघरातून ऐका काय बोलतात ते.

मग त्या चौदा आणि पंधरा चुका करूनही ते कसे जिंकले, हे पोराने वडिलांना समजावू दे किंवा वडिलांनी पोराला. २०१६ ला दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला, ८९-८९ बरोबरी, समोरचा खेळाडू सोपी बास्केट टाकायला उडालेला, आणि लेब्रॉन अख्खं कोर्ट मागून धावत येऊन चेंडू बोर्डावर दाबतो. निर्णायक बास्केट पुढे दुसऱ्याच खेळाडूने केली. १९९६ ला जॉर्डनचा हात चालत नव्हता तेव्हा त्याच्या टीममधल्या डेनिस रॉडमनने १९ रिबाउंड उचलले, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर उसळलेला चेंडू १९ वेळा पकडला. त्या काळी तो फक्त तेवढंच करायचा, पण ते त्याच्याइतकं कोणी करत नव्हतं. मी खेळायचे तेव्हा मातीचं कोर्ट होतं, पाऊस पडला की चेंडू टप्पाच खायचा नाही, आणि मला तरी शॉटपेक्षा मागे धावणाऱ्या मुली जास्त आवडायच्या. त्यांची नावं निवड समितीला कधी दिसत नसत, पण सामना त्यांच्यावर उभा असायचा. पोराला विचारा तो कुठल्या जागेवर खेळतो. मला पैजेवर सांगावंसं वाटतं, यजमानांना ते नेमकं माहीत नसणार.

१९९६ चा सामना संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका. जॉर्डन चेंडू कवटाळून ड्रेसिंग रूमच्या फरशीवर पालथा पडून रडतो. त्याच्या वडिलांचा १९९३ साली खून झाला. तो खेळ सोडून वडिलांना आवडायचं ते बेसबॉल खेळायला गेला, १९९५ साली परतला, आणि हे त्यानंतरचं पहिलं विजेतेपद. लेब्रॉनला वडील नव्हतेच. सोळा वर्षांच्या आईने त्याला अ‍ॅक्रनमध्ये एकटीने वाढवलं. आणि त्याच लेब्रॉनने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या मुलासोबत एकाच टीममधून सामना खेळला, एनबीएत वडील-मुलगा एकत्र कोर्टवर असं त्याआधी झालं नव्हतं. हे सगळं तुम्ही बोलून दाखवू नका. दोघांनाही आधीपासून माहीत आहे, फक्त एकमेकांसमोर कधी आलेलं नाही.

यजमानांना अजून एक. तुमच्या पत्नीने पत्रात शेवटी तुमच्याबद्दल एक जुनी गोष्ट लिहिली आहे, तुमच्या कॉलेजच्या वर्षांतली. ती मी वर छापलेली नाही. पोराला ती ठाऊक नाही असं त्या म्हणतात. ती मी सांगायची नाही, त्यांनीही नाही. मैदानावरून येताना, मिसळीच्या रांगेत उभं असताना, एकमेकांकडे न बघता सांगायला ती बरी आहे.

बेटा, तुलाही दोन शब्द. जिल्ह्याच्या पुढच्या चाचण्या पुढच्या वर्षी आहेत. तोवर मोबाइलवर लेब्रॉन बघून हात सुधारणार नाही, आणि सकाळी सहाला रिंगखाली चेंडू परत फेकणारा माणूस फुकट मिळत नाही. तुझ्या घरात एक आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता जा.

ताई, आता कात्री. इथून पुढचं फक्त तुमच्यासाठी.

मोठा कोण? माझ्या मते बिल रसेल. बॉस्टनकडून १३ मोसमांत ११ विजेतेपदं, १९५९ ते १९६६ सलग आठ. शेवटच्या तीन मोसमांत तर तोच खेळाडू आणि तोच कोच, लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. त्यात दोन विजेतेपदं. त्याची खरी विद्या शॉट अडवण्याची होती. इतरजण चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत, हा तो अलगद आपल्या माणसाकडे ढकलायचा. पण अडवलेले शॉट लीग १९७३-७४ पर्यंत मोजतच नव्हती, त्यामुळे त्याच्या खात्यावर ते एकही नाहीत. अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब १९६९ ला सुरू झाला, त्याच्या शेवटच्या वर्षी. बॉस्टन जिंकलं, आणि किताब हरलेल्या टीमच्या जेरी वेस्टला गेला. आज त्या किताबाला नाव मात्र रसेलचं आहे.

रविवारी मिसळ वाढून झाली, फरसाण घातलं, लिंबू पिळलं, की दोघांचा पहिला घास तोंडात असताना सहज म्हणा, 'बाईंचं उत्तर आलं. रसेल. अकरा.' दोघं एकदम तुमच्यावर तुटून पडतील. यजमान म्हणतील, 'अगं तेव्हा सुरुवातीला आठच टीम होत्या!' मुलगा म्हणेल, 'आई, तो सामन्याला पंधराच गुण करायचा!' बाबा त्याला दुजोरा देतील, तो बाबांना. तुम्ही हटू नका. म्हणा, 'निर्णायक सातवे आणि पाचवे सामने मिळून अकरा खेळला, अकराही जिंकला. तुमच्या दोघांचे किती?' दोघं एकाच मोबाइलवर शोधायला लागतील.

त्या दिवशी पाव नेहमीपेक्षा जास्त मागवा.